वाचकांचे प्रश्न : यू-बूटला नेटवर्क सापडत नाही तेव्हा

प्रश्न (लातूर) : डाळमिलच्या वजनकाट्याचे आकडे सर्व्हरला पाठवण्यासाठी आम्ही स्वतः बोर्ड बनवला आहे. प्रोसेसर एएम३३५८, पीएचवाय (नेटवर्कची केबल हाताळणारी चिप) लॅन८७१०ए. लाइट जाऊन क्षणात परत आली की कधीकधी यू-बूट (लिनक्सच्या आधी चालून ते सुरू करणारा प्रोग्रॅम) ‘कुड नॉट गेट पीएचवाय, ॲड्र ०’, म्हणजे पत्ता ० वर पीएचवाय सापडली नाही, असं म्हणतं आणि नेटवर्क मिळत नाही. वायर काढून पाच मिनिटांनी लावली की सगळं ठीक. पीएचवायच्या रीसेट पिनला १० किलोओहमचा रोध आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी आहे. यू-बूटला सगळे पत्ते शोधायला लावले तर भागेल का?

उत्तर : भागणार नाही, आणि तसं करूही नका. कारण पुढे येईलच.

पुढच्या वेळी बोर्ड असा अडकला की बंद करू नका. त्याच अवस्थेत सीरियल कन्सोलवर ‘एमआयआय इन्फो’ ही आज्ञा द्या. पत्ता ० ऐवजी २ किंवा ४ वर पीएचवाय दिसली, तर ती जिवंत आहे, फक्त पत्ता चुकीचा घेऊन बसली आहे. कुठेच दिसली नाही, तर ‘एमआयआय रीड’ने पत्ता ० चं रजिस्टर २ वाचा. तिथे ०००७ यायला हवं. एफएफएफएफ आलं म्हणजे समोरून कुणी बोलतच नाही, नुसता पुलअप (लाइन वर ओढून धरणारा रोध) वाचला जातोय. मग पीएचवायचा ३.३ व्होल्ट, तिचा क्लॉक आणि एमडीआयओवरचा (पीएचवायशी बोलायच्या लाइनवरचा) १.५ किलोओहमचा पुलअप तपासा.

तुमच्या लक्षणांवरून मात्र पहिलीच शक्यता दाट वाटते. या चिपचा पत्ता वेगळ्या पिनांवर नाही. आरएक्सईआर, आरएक्सक्लॉक आणि आरएक्सडी३ या डेटाच्याच पिना रीसेट सुटताना क्षणभर वाचल्या जातात. आरएक्सक्लॉक तेव्हा वर असेल तर पत्ता २, आरएक्सडी३ वर असेल तर ४. आता तुमचा रीसेट बघा. १० किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे १०० मिलिसेकंद. लाइट झपकली की ३.३ व्होल्टची रेल (पुरवठ्याची लाइन) थोडी खाली येऊन परत चढते, पण एवढ्या वेळात कपॅसिटर रिकामा होत नाही. रीसेट पिन वरच राहते. पीएचवाय मग स्वतःच्या आतल्या पॉवर-ऑन रीसेटवर उठते. त्या घडीला प्रोसेसरच्या पिना कोणत्या अवस्थेत आहेत, यावर पत्ता ठरतो. म्हणूनच दोष कधी दिसतो, कधी नाही. पाच मिनिटं वायर काढली की कपॅसिटर पूर्ण रिकामा होतो आणि सगळं सुरळीत चालतं.

खात्री करायची तर ऑसिलोस्कोपचा एक चॅनेल ३.३ व्होल्टवर, दुसरा रीसेट पिनवर लावा, ट्रिगर ३ व्होल्टच्या उतारावर ठेवा आणि मेन स्विच झटक्यात बंद-चालू करा. रीसेट पिन शून्याजवळ गेलीच नाही, तर चोर सापडला.

रोधावर उलटा डायोड लावायचा सल्ला बरेच जण देतील. रेल पूर्ण शून्यावर गेली तर तो कामाचा. पण रेल १.५ व्होल्टपर्यंतच उतरली तर पिन २.१ च्या आसपास अडकून राहते. त्यापेक्षा मॅक्स८०९एस सारखी रीसेट सुपरवायझर चिप लावा. २.९३ व्होल्टच्या खाली ती रीसेट ओढते आणि रेल सावरल्यावर किमान १४० मिलिसेकंद धरून ठेवते. पीएचवायला १०० मायक्रोसेकंद पुरतात. पत्त्याच्या तिन्ही पिनांना बाहेरून पुलडाउनही द्या; आतले फार कमकुवत असतात.

आता पत्ते शोधण्याबद्दल. याच क्षणी आरएक्सडी० आणि आरएक्सडी१ वरून चिपचा वेग-मोड ठरतो आणि आरएक्सडी२ वरून एमआयआय की आरएमआयआय (प्रोसेसरशी डेटा जोडणीचे दोन प्रकार) तेही. पत्ता चुकला तर हेही चुकू शकतं. यू-बूटला पीएचवाय २ वर सापडेल, पण पॅकेट जाईलच असं नाही. शिवाय लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीत (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) पत्ता ० लिहिलेला असेल, तर तिथे पुन्हा हाच खोळंबा. दोष हार्डवेअरचा आहे, तो तिथेच मिटवा.

प्रश्न (वाळूज, छत्रपती संभाजीनगर) : आमच्या गिगाबिट बोर्डावर रियलटेकची आरटीएल८२११एफ ही पीएचवाय आहे. लिंक १००० दाखवते, पण पिंग होत नाही. जुन्या १०० च्या स्विचवर तेच बोर्ड नीट चालतं.

उत्तर : केबल आणि आयपी विसरा, आरजीएमआयआयचा (प्रोसेसर आणि पीएचवायमधल्या गिगाबिट जोडणीचा) विलंब तपासा. १००० वर क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे ८ नॅनोसेकंदांचा आवर्त, आणि डेटा दोन्ही कडांवर. एका डेटाला मिळतात ४ नॅनोसेकंद. क्लॉकची कड त्यांच्या मधोमध पडावी म्हणून साधारण २ नॅनोसेकंदांचा विलंब लागतो. १०० वर क्लॉक २५ मेगाहर्ट्झ, आवर्त ४० नॅनोसेकंद, तिथे चूक खपून जाते.

आधी ‘एमडीआयओ लिस्ट’ द्या. रियलटेकच्या जागी ‘जेनेरिक पीएचवाय’ दिसलं तर यू-बूटच्या कॉन्फिगमध्ये रियलटेक पीएचवायचा ड्रायव्हर चालूच केलेला नाही. जेनेरिक ड्रायव्हर विलंबाला हातही लावत नाही. रियलटेकचा चालू करा आणि डिव्हाइस ट्रीत पीएचवाय-मोड ‘आरजीएमआयआय-आयडी’ ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंचा विलंब पीएचवाय देईल. विलंब प्रोसेसरकडून किंवा पीसीबीच्या लांब ट्रेसने आधीच दिलेला असेल तर मात्र ‘आरजीएमआयआय’. दोन्हीकडून दिला की ४ नॅनोसेकंद होतात आणि कड पुढच्या डेटावर पडते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा आरएक्सआयडी, टीएक्सआयडी (पीएचवायचा विलंब फक्त येणाऱ्या किंवा फक्त जाणाऱ्या डेटाला) धरून चारही मोड लावून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न (नांदेड) : यू-बूटमध्ये पिंगला ‘इज अलाइव्ह’ येतं, पण लॅपटॉपवरून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायची पद्धत) फाइल आणायला गेलं की नुसती टी टी टी. ड्रायव्हर बिघडला का?

उत्तर : नाही, पिंग झालं म्हणजे ड्रायव्हर बरा आहे. प्रत्येक टी म्हणजे उत्तराची वाट पाहून संपलेली एक मुदत. लॅपटॉपचा फायरवॉल यूडीपी ६९ अडवत असणार. फक्त पोर्ट उघडण्यापेक्षा टीएफटीपी सर्व्हरच्या प्रोग्रॅमलाच परवानगी द्या, कारण तो डेटा ६९ वरून नव्हे, तर दुसऱ्याच पोर्टवरून पाठवतो. विंडोजवर ही केबल ‘पब्लिक’ नेटवर्कमध्ये टाकली जाते, तीही ‘प्रायव्हेट’ करून घ्या.