दुबईला दोन वर्षांच्या कामाच्या व्हिसावर जायचंय, निघण्याआधी काय काय तयारी करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयटीआय इलेक्ट्रिशियन, दहावी पास, पासपोर्ट काढलेला आहे. दुबईतल्या कंपनीत दोन वर्षांचं काम आहे असं एजंट सांगतो, ९० हजार मागतो आणि ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, कामाचा व्हिसा तिकडे लावून देऊ’ म्हणतो. तयारी काय करावी?

आधी एजंटचंच बघू. तिथे घोळ असेल तर बाकीची तयारी करून उपयोग नाही.

परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली भारत सरकारचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक मागून घ्या आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर स्वतः तपासा. परवानाधारक एजंटांची यादी तिथे आहे, बेकायदा एजंटांचीही आहे. नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत, तिन्ही जुळली पाहिजेत. ‘आमचं ऑफिस मुंबईत आहे, मी त्यांचा माणूस’ म्हणणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या सब-एजंटच्या हातात एक रुपयाही देऊ नका. कायद्याने एजंटला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. तेही बँकेतून आणि पावतीवर. ९० हजारांचा आकडा इथेच बाद होतो. शिवाय व्हिसा आणि वर्क परमिटचा खर्च यूएईच्या कामगार कायद्यानुसार मालकाने करायचा असतो, त्यामुळे ‘व्हिसाचे वेगळे’ असं कोणी म्हणालं तर तो पैसा नेमका कशाचा, हे लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून मिळत नाही.

आता व्हिजिट व्हिसा. तिकडे गेल्यावर व्हिजिटचा कामाचा व्हिसा करून घेता येतो, यात खोटं काही नाही, आणि बरेच जण असं करतातही. पण व्हिजिटवर असताना प्रत्यक्ष काम करणं बेकायदा आहे. मालकाला त्यासाठी १ लाखापासून १० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. कंपनीने टाळाटाळ केली आणि मुदत संपली, की रोज ५० दिरहमप्रमाणे दंड तुमच्या नावावर चढतो. तोपर्यंत साइटवर केलेल्या कामाचा कुठे कागद नसल्यामुळे पगार मागायलाही जागा राहत नाही. माझं स्पष्ट मत: तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्याने हा रस्ता धरू नये. कंपनी खरी असेल तर ती भारतात बसल्याबसल्याच परमिट पाठवते.

खरा क्रम असा असतो. कंपनी यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यात ऑफर लेटर पाठवते, तुम्ही सही करता, मंत्रालय वर्क परमिट मंजूर करतं आणि मग एंट्री परमिट निघतं. ते घेऊन तुम्ही जाता. मेडिकल, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी हे सगळं तिथे पोचल्यावर, साधारण ६० दिवसांच्या आत. कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेलं ‘अपॉइंटमेंट लेटर’ म्हणजे मंत्रालयाचं ऑफर लेटर नव्हे. मंत्रालयाचं पत्र अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेत मिळू शकतं. त्या यादीत मराठी नाही, पण हिंदी आहे, ती मागून घ्या. एंट्री परमिट दुबईचं असेल तर जीडीआरएफए दुबई या तिथल्या व्हिसा खात्याच्या, इतर अमिरातीचं असेल तर आयसीपी या केंद्रीय खात्याच्या वेबसाइटवर क्रमांक टाकून खरं-खोटं पाच मिनिटांत कळतं. ते तिथे दिसेपर्यंत सध्याची नोकरी सोडू नका.

ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. पहिली, पद. ‘इलेक्ट्रिशियन’ लिहिलंय की ‘हेल्पर’ किंवा ‘लेबर’, ते बघा. तोंडी इलेक्ट्रिशियन आणि कागदावर हेल्पर ही नेहमीची युक्ती आहे. दुसरी, राहणं आणि साइटवर ने-आण कंपनीकडून आहे की त्याचे पैसे पगारात धरलेत. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे बेसिक पगार.

एकूण आकडा ऐकून लोक खूश होतात आणि बेसिककडे बघतच नाहीत. समजा दोन ऑफर आहेत, दोन्ही १८०० दिरहमच्या. एकीत बेसिक ८०० आणि भत्ते १०००, दुसरीत बेसिक १२०० आणि भत्ते ६००. ओव्हरटाइम बेसिकवर मोजतात. पहिलीत तासाचा दर ८०० भागिले ३० भागिले ८, म्हणजे ३.३३ दिरहम. त्यावर २५ टक्के धरले की ४.१७. दुसरीत तासाला ५, म्हणजे ओव्हरटाइमचा दर ६.२५. रोज दोन तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर एकीकडे साधारण २१७ दिरहम आणि दुसरीकडे ३२५. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षामागे २१ दिवसांचा बेसिक. दोन वर्षांनी पहिल्या ऑफरमध्ये हातात ११२० येतील, दुसरीत १६८०. काम तेच, घामही तेवढाच. रात्री १० ते पहाटे ४ मधल्या ओव्हरटाइमला ५० टक्के जादा आहे, पण शिफ्टवर काम करणाऱ्यांना ते लागू नाही.

प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रोबेशनमध्ये सोडून भारतात परत यायचं तर १४ दिवसांची नोटीस, तिथेच दुसऱ्या कंपनीत जायचं तर एक महिन्याची. वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा असते. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. साइटवर वायरिंगला जाणार असाल तर हे लक्षात असू द्या.

पासपोर्टचं शेवटचं पान उघडा. तिथे ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शेरा) छापलंय का? दहावी पास असूनही अनेकांच्या पासपोर्टवर ते असतं, कारण अर्ज करताना मार्कशीट जोडलेली नसते. ईसीआर असेल तर यूएईसह १८ देशांत कामाला जाण्यासाठी उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते, आणि ती नसेल तर विमानतळावरून परत पाठवतात. दहावीचं प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा काढला की ईसीआर जातो. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १५०० रुपये. पण घाई असेल तर ईसीआर ठेवून मंजुरी घेऊन जाण्यातही कमीपणा नाही. उलट तुमचा करार ई-मायग्रेटवर नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघात विमा मिळतो, दोन वर्षांना २७५ रुपये अधिक कर एवढ्या हप्त्यात. जाण्याआधीचं एक दिवसाचं प्रशिक्षणही फुकट असतं. झोप काढायला गेलात तरी तिथल्या माहितीपत्रकाचा उपयोग होतो.

आडनावाचा रकाना रिकामा असेल, म्हणजे पासपोर्टवर एकच नाव असेल, तर यूएईत प्रवेशाला अडचण येते. ते आधीच दुरुस्त करून घ्या. आणि मुदत निदान अडीच-तीन वर्षं शिल्लक असलेली बरी, नाहीतर व्हिसा चालू असताना नूतनीकरणासाठी तिकडे रजा टाकून धावपळ करावी लागते.

मेडिकलमध्ये घोटाळा होतो तो छातीच्या एक्स-रेत. यूएईत पोचल्यावर एचआयव्ही आणि टीबीची तपासणी होते. पूर्वी टीबी होऊन गेला असेल आणि फुप्फुसावर डाग राहिला असेल तर प्रकरण अडकू शकतं, आणि अनफिट ठरला तर परत पाठवतात. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी आपल्याच गावात छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवा. जुना आजार असेल तर उपचार पूर्ण झाल्याची फाइल सोबत ठेवा. सौदी, कुवेत, कतारसारख्या देशांसाठी मेडिकल भारतातच मान्यताप्राप्त केंद्रात करावं लागतं, त्यामुळे तिकडे गेलेल्या मित्राचा अनुभव दुबईला जसाच्या तसा लावू नका. दातांचं काम मात्र निघण्याआधी उरकाच. कंपनीच्या साध्या आरोग्य विम्यात दातांचं फारसं काही बसत नाही आणि तिथले दर ऐकून दात आणखी दुखतो.

आयटीआयचं प्रमाणपत्र अटेस्ट करून लागेल का, हे कंपनीला लेखी विचारा. लागत असेल तर क्रम असा: आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा. निव्वळ अपोस्टिल (वकिलातीशिवाय फक्त परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) करून नेलं तर यूएईत चालत नाही. मूळ प्रमाणपत्र या प्रवासात काही आठवडे हातातून जातं, तेव्हा आधी रंगीत स्कॅन करून ठेवा. मुंबईत ट्रेड टेस्ट असेल तर आर्मर्ड केबलला ग्लँड बसवणं, डीबी ड्रेसिंग आणि स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी हाताखालून घालून जा. घरगुती वायरिंगच्या जोरावर गेलेले इथेच अडकतात.

घरच्या व्यवहारांत लोक सगळ्यात जास्त हलगर्जीपणा करतात. आधार आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवायचाच. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि घरच्यांना रिचार्जची तारीख लिहून द्या, कारण सिम बंद पडलं की ओटीपी बंद, आणि ओटीपी बंद म्हणजे सगळंच बंद. परदेशी नोकरीला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करावं लागतं. तिकडून पैसे पाठवायला एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) खातं उघडा, त्याच्या व्याजावर भारतात कर नाही. घरखर्चासाठी बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर वेगळं खातं असू द्या. यूएईच्या नंबरवरही एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालतं, फक्त तुमची बँक ती सोय देते का ते विचारून घ्या.

शेती, सोसायटीचं कर्ज, वाटणी असं काही प्रलंबित असेल तर मुखत्यारपत्र इथे असतानाच करा. तिकडे गेल्यावर करायचं तर वकिलातीत जाऊन सही साक्षांकित करावी लागते आणि कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरावा लागतो. सर्वाधिकाराचं देऊ नका. कोणता गट नंबर, कोणतं काम, हे नाव घेऊन लिहा आणि विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, भाऊ असला तरी. रेशनकार्डाची ई-केवायसीही आटपून घ्या.

बॅग भरताना आईला एक गोष्ट आवर्जून सांगा: खसखस नको. यूएईत खसखस अमली पदार्थांत मोडते. नुसती पुडीच नाही, तर अनारशांवर लावलेली खसखस किंवा खसखस घातलेला घरचा मसालाही विमानतळावर महागात पडू शकतो. विड्याची पानं, गुटखा, मळायची तंबाखूही नको. औषधांत ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या पूर्वपरवानगीशिवाय नेऊ नका. रोजची बीपी-शुगरची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जातो, म्हणून ५०० ते १००० दिरहम रोख सोबत ठेवा. तिकडे चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग असतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

ऑफर लेटर, एंट्री परमिट, पासपोर्ट, प्रमाणपत्रं यांचे दोन सेट झेरॉक्स: एक घरी, एक बॅगेत. फोनमध्ये आणि मेलवर स्कॅन वेगळे.

पोचल्यावर पासपोर्ट कंपनीला व्हिसाच्या कामापुरता द्यावा लागतो. काम झालं की परत मागा, मालकाला तो ठेवून घेता येत नाही. अंतिम करार ऑफर लेटरशी ओळ न् ओळ ताडून बघा, कमी पगाराचा दुसरा कागद पुढे आला तर सही करू नका. नोकरी गेल्यास मिळणारा विमा काढला आहे का हेही विचारा. बेसिक १६ हजार दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम लागतात, आणि नसेल तर ४०० दिरहम दंड तुम्हालाच बसतो, कंपनीला नाही. पगार बँकेतून किंवा पगार-कार्डावर यायला हवा. ठरलेल्या तारखेनंतर १५ दिवसांत आला नाही तर मंत्रालयाच्या ६००५९०००० या नंबरवर तक्रार करा. भारतीय वकिलातीच्या मदत केंद्राचा दुबईतला टोल-फ्री नंबर ८००४६३४२ आहे. दोन्ही नंबर फोनमध्ये आणि एका कागदावरही लिहून ठेवा.