खडप सोडा, गरी सोडू नका

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, माझं वय ७२. एसटीत चालक होतो, निवृत्त झाल्यावर हेदवीजवळच्या आमच्या गावी कायमचा आलो. लहानपणी आज्याबरोबर खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, गरवायला (गरीने मासे धरायला) जायचो, तेव्हापासूनचं हे वेड. नोकरीत असतानाही रजेवर गावी आलो की आधी भरतीची चौकशी करायचो आणि मग घरच्यांची, असं बायको आजही येईल त्याला सांगते. गेल्या कार्तिकात पहाटे अंधारात घोड्याच्या खडकावरून उतरताना पाय सटकला. गुडघा खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांवर घासला आणि मी कमरेएवढ्या पाण्यात बसलो. शेजारचा मुलगा पाग (फेकायचं जाळं) घेऊन जवळच होता, त्याने बखोटीला धरून वर ओढलं. मला साखर आहे, त्यामुळे जखम भरायला वेळ लागला. ब्लडप्रेशरचीही गोळी चालू आहे.

मुलगा ठाण्याहून आला आणि काठी, गऱ्या, तंगुसाची रिळं सगळं पोटमाळ्यावर टाकून गेला. म्हणाला, "बाबा, पुरे आता. मासे विकत मिळतात." मासे विकत मिळतात हे मला ठाऊक नाही का? जो तो सुचवतो, भजनाला जा, मन रमवा. भजनाला मी जातोच. पण पहाटे चारला डोळा उघडतो, समुद्राची गाज ऐकू येते, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. एकदा घसरलो म्हणून मी खरंच थांबायला हवं का? तरणी पोरंही घसरतात.
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : भाऊ, खडपात आता जाऊ नका. आधी हेच सांगून टाकते, कारण "जरा जपून जा" एवढंच ताईने म्हणावं ही तुमची आशा पत्राच्या ओळीओळीत दिसते. जपून जाण्याची जागा ती नव्हे.

तरणी पोरं घसरतात हे खरं. पण विशीतल्या मुलाचा एक पाय सटकला की दुसरा पापणी लवायच्या आत कुठेतरी टेकतो, म्हणून तो घसरतो पण पडत नाही. हे काम मांडीचे स्नायू करतात, आणि वय झालं की त्यांची ताकद जाण्याआधी चपळाई जाते. त्यामुळे माणसाला वाटत राहतं की मी अजून नारळाचं पोतं उचलतो, मला काय धाड भरलीये! पोतं उचलाल हो. दुसरा पाय वेळेवर टेकेल याची हमी कोण देणार?

बाकीचंही ऐका. आपला तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपायातून मेंदूला जाणारी खबर या तिघांच्या भरवशावर चालतो. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली बारीक होते, आतलं भिंग पिवळसर होतं. आणि तुम्ही उतरता पहाटेच्या काळोखात. बॅटरी असली तरी ओल्या शेवाळावर उजेड नुसता चकाकतो, खळगा दिसत नाही. साखरेने तळपायाची जाणीव हळूहळू बोथट होते, आणि ती झाली आहे हे आपलं आपल्याला कळत नाही. शिवाय ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांमुळे उकिडवं बसून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. गरीला आमिष लावायला तुम्ही उकिडवेच बसत असणार, आणि लाट दिसली की झटकन उठत असणार. यातली एखादी अडचण असती तर निभावलं असतं. पहाटेच्या खडपात सगळ्या एकदम आडव्या येतात.

त्यात तुमची वेळ. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे गणित तुम्हाला मी सांगायला नको. इतर वाचकांसाठी लिहिते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या. गावोगाव थोडं मागेपुढे होतं. म्हणजे उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत पुरी सुकती (ओहोटी) येते ती पहाटे, आणि घोड्याच्या खडकासारखे लांबचे खडक उघडे पडतात ते तेव्हाच. तुम्ही तिथे उगाच जात नव्हता. पण पाणी फिरलं की मासा लागायला लागतो आणि माणूस "आणखी एक" म्हणत बसतो. भरतीचा जोर पहिल्या तासात जाणवत नाही. सर्वांत जास्त पाणी चढतं ते तिसऱ्या-चौथ्या तासात. तेही समोरून नव्हे, पाठीमागच्या घळीतून. हेदवीच्या बामणघळीत पाणी कसं उसळतं ते पाहायला लोक लांबून येतात. खडपातल्या बारक्या घळी तेच करतात, फक्त त्यांचे कोणी फोटो काढत नाही. त्या वेळी घाईने माघारी फिरायचं असतं, आणि घाई हीच आता तुमच्या पायांना झेपणार नाही.

कालवाच्या जखमेबद्दल एक वेगळं सांगते, कारण दवाखान्यात परिचारिका म्हणून अशा जखमा मी पुष्कळ धुतल्या आहेत. कालवाची धार पात्यासारखी असते, आणि समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा जखमेतून शिरले की फार झपाट्याने पसरतात. साखर असलेल्यांना आणि यकृताचा आजार असलेल्यांना धोका जास्त. जखम लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवायची, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं, आणि सूज चढली, लाली पसरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद दाबून दोन दिवस वाट बघू नका. आपल्या गावांत अजून हेच चालतं आणि मला त्याचा संताप येतो.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. खडप सुटलं म्हणजे गरवणं सुटलं, असं कोणी ठरवलं? मुलाने दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून पोटमाळ्यावर टाकली, आणि रागाच्या भरात तुम्हीही ती एकच मानलीत. तुमच्याकडून तवसाळची खाडी लांब नाही. फेरीबोटीची वर्दळ नसेल अशी धक्क्याची किंवा बांधाची सपाट जागा बघा, पाठ टेकायची खुर्ची न्या, आणि उजाडल्यावर बसा. उधाणाचे दिवस सोडा, भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी भरतीचे, धरा. अष्टमीला सकाळी सहाच्या आसपास भरती पुरी होते, म्हणजे तुमची पहाटेची जाग वाया जात नाही. उजाडताना खाडी काठोकाठ असते आणि ओढ कमी असते. बोय, काळुंदर, एखादा शिंगाळा मिळेल. शिंगाळ्याचा काटा सांभाळा, तुमच्या हाताला नवी जखम परवडणारी नाही. गोबरा मात्र मिळायचा नाही. खडपात काठी वाकवून पहिला हिसका देणारी ती जात धक्क्यावर कुठून येणार? हे नुकसान आहे आणि ते मी गोड करून सांगत नाही. सोबत कोणीतरी असू द्या, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि झिजलेल्या रबरी सपाता घरी ठेवा. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत धक्काही नको.

तिथे बसण्याआधी पाय तपासा. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, दोन्ही हात छातीवर आडवे घ्या, आणि ३० सेकंदांत किती वेळा पुरते उभे राहून परत बसता येतं ते बायकोला मोजायला सांगा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर पाय कमजोर आहेत असं धरतात. मग हाच व्यायाम रोज थोडा थोडा करा, पायांत जोर येतो, सत्तरीतही येतो. ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहण्याचा सरावही करा. उठल्यावर अंधारी येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते गोळीची वेळ किंवा मात्रा बदलू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. मोतीबिंदू तपासून घ्या. आणि १२ च्या जागी १६ वेळा उठलात तरी त्याला खडपाचा परवाना समजू नका. मी तुमच्यासारख्यांना ओळखते.

भिंतीकडे तोंड करून पडण्याबद्दल. "मन रमवा" म्हणणाऱ्यांचा मला वैताग येतो. मन म्हणजे काय तान्हं पोर आहे, खुळखुळा वाजवला की गप्प बसायला? आयुष्यभराची गोष्ट सुटली की वाईट वाटणारच, ते वाटू द्या. मी स्वतः दर थंडीत बायकांबरोबर कालवं काढायला जायची. गुडघे बोलायला लागले तशी मीच एका माघात घरात सांगून टाकलं की पुढच्या साली मी येणार नाही. त्या मोसमात मात्र एकही सुकती सोडली नाही. आता शेजारीण कालवं आणते, मी मागल्या पडवीत सोलायला बसते आणि भावावरून तिच्याशी भांडते. पूर्वीइतकी मजा नाही. पण कालवाचा वास हाताला लागतो, तेवढं मला पुरतं. तुम्हाला असं स्वतःहून सांगून टाकायला मिळालं नाही, दुसऱ्याने काठी उचलून नेली, हे जास्त लागलंय असा माझा अंदाज आहे. मुलगा घाबरला होता, म्हणून रागावत नाही त्याच्यावर. पण बापाला न विचारता त्याची गरी माळ्यावर टाकायची नसते, हे त्याला माझ्या नावाने सांगा.

म्हणून फोन तुम्ही करा. "खडपात मी जाणार नाही, हे मी ठरवलंय. खाडीवर जाणार, दिवसाउजेडी, सोबत घेऊन, हेही मीच ठरवलंय." एका दमात दोन्ही सांगा, नाहीतर तो पहिलं ऐकून फोन ठेवेल.

आणि तो पागवाला मुलगा. त्याने तुम्हाला ओढून काढलं, पण घोड्याच्या खडकामागची घळ कितव्या तासाला भरते हे त्याला तुमच्याइतकं ठाऊक असेल का? त्याला घेऊन दिवसा वरच्या सड्यावर बसा, सुकतीला खडप उघडं पडलं की एकेक खडक नावाने दाखवा. कुठे शेवाळ बारमाही असतं, कुठून माघारी फिरायचं, कुठल्या वाऱ्याला तिकडे फिरकायचंच नाही. नावं वहीत लिहवून घ्या, नकाशात ती सापडायची नाहीत. तो चुकीच्या खडकावर उभा राहिला की वरून ओरडा हवं तेवढं. खाली उतरू नका म्हणजे झालं.

काठी पोटमाळ्यावरून त्यालाच काढायला सांगा. स्टुलावर तुम्ही चढायचं नाही. दवाखान्यात येणारी म्हातारी माणसं खडपापेक्षा स्टुलावरून आणि न्हाणीघरात जास्त पडलेली असतात.

प्रश्न : ताई, माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. घरामागे हापूसची जुनी झाडं आहेत. आंबे तयार झाले की आमची नजर चुकवून झाडावर चढतात. ओरडलं की जेवत नाहीत. शिडी लपवून ठेवू का?
— एक लेक, दापोली तालुका

उत्तर : शिडी लपवू नकोस, ते शोधून काढतील, नाहीतर शिडीशिवाय चढतील. तू दापोलीची आहेस, तर कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आणून दे. लांब काठीला जाळी आणि पातं असतं, जमिनीवर उभं राहून आंबा देठासकट काढता येतो. देठ राहिला म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही आणि डाग पडत नाहीत. हे त्यांना समजावत बसू नकोस, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. उलट त्यांच्याच हातात देऊन विचार, "बाबा, हे पातं नीट चालतंय का बघा." सांगणाऱ्याचं ऐकणार नाहीत, विचारणाऱ्याला मात्र दिवसभर शिकवतील.

उंच फांद्यांसाठी गडी लाव, पण कुठला आंबा काढायचा ते वडिलांनी खालून सांगायचं. खांदे देठाच्या वर आलेला, चौदा आणे तयार आंबा पानांत बसलेल्या गड्यापेक्षा खालून जास्त चांगला दिसतो. झाडाखाली खुर्ची, शेजारी पेट्या आणि पेंढा, आणि निवडीचा शेवटचा शब्द त्यांचा. गड्याने कोवळा आंबा काढला की ते त्याला झापतील. झापू दे, मजुरी थोडी वाढवून दे.

जेवण नाकारलं तर समजूत काढायला जाऊ नकोस. पान वाढ आणि स्वतः जेवायला बस.