वाचकांचे प्रश्न : संपाने काय साधले?

प्रश्न : २००८ नंतरच्या मंदीत युरोपात एवढे संप झाले, कामगारांच्या पदरात काय पडले? – एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : तातडीने फारसे काही नाही. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी स्पेन व पोर्तुगालमध्ये एकाच दिवशी सार्वत्रिक संप झाला. परंतु मंदीत अडकलेल्या देशांना दिलेल्या कर्जाच्या अटी ठरवणारे युरोपीय आयोग आणि नाणेनिधी संपाला बधणारे नव्हते, आणि ग्रीसमध्ये त्याच वर्षी किमान वेतन २२ टक्क्यांनी उतरवले गेले. खरा घाव वाटाघाटीच्या हक्कावर बसला : स्पेनने उद्योगव्यापी करारापेक्षा एकेका कंपनीच्या कराराला अग्रक्रम दिला, म्हणजे आपल्या गिरणीभागाच्या हिशेबाने प्रत्येक गिरणीने आपापल्या फाटकापुरते भांडावे. वेतनाबाबतचा हा अग्रक्रम २०२१ च्या अखेरीस संघटनांनी सरकार व मालकसंघटनांशी बोलणी करून रद्द करवला.