ऑगस्टअखेर हेलसिंकीला पोचलो, तर उन्हाळा हुकला असं समजायचं का?

तुमचा प्रश्न असा आहे : कंपनीच्या कामाला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हेलसिंकीला जातोय, कामाच्या मागेपुढे मिळून चार दिवस मोकळे आहेत, तिथलं खाणं, गाणं, माणसांचं जगणं पाहायचंय, पण सगळे म्हणतात जून-जुलैतच जायला हवं होतं, आता काय उरलं असणार?

उरलं कसलं, तेव्हा तर सुरू होतं! नऊ वर्षं मी या शहरात राहतेय. माझ्या घरच्यांनी येण्याचे महिने विचारले की मी डोळे झाकून ऑगस्टची अखेर सांगते. आईबाबांना दोनदा त्याच दिवसांत बोलावलं.

कारण ऐका. जुलैत हेलसिंकी रिकामी असते. फिनिश माणूस तीन-चार आठवड्यांची सलग रजा टाकतो आणि आपल्या 'मोक्की'वर निघून जातो. मोक्की म्हणजे तळ्याकाठचं किंवा समुद्राकाठचं साधं लाकडी घर; सौना म्हणजे गरम वाफेची न्हाणी असते, होडी असते, कित्येक ठिकाणी नळसुद्धा नसतो. शहरात तेव्हा पर्यटकच जास्त, आणि गल्लीतल्या छोट्या खानावळींच्या दारावर सुट्टीची पाटी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडतात, माणसं उन्हाने रापून, बादल्या भरभरून बेरी घेऊन परततात आणि शहर पुन्हा नांदतं होतं.

दुसरं कारण अंधार. जूनच्या अखेरीला इथे सूर्य रात्री अकराच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतरही धड काळोख होत नाही. पहिले काही दिवस नवल वाटतं, मग डोळे दमतात. ऑगस्टच्या शेवटी मात्र सूर्यास्त साडेआठच्या आसपास येतो आणि दिवस रोज पाचेक मिनिटांनी आखडत जातो. उजळ रात्रींच्या दोन-तीन महिन्यांनंतर आता खरी रात्र भेटते. लोक गॅलरीत मेणबत्त्या लावून बसतात. इथल्या भाषेत ऑगस्टला 'एलोकू' म्हणतात. 'एलो' म्हणजे शेतातलं पीक, म्हणजे हा सुगीचा महिना. सुगी आणि परत आलेला अंधार, या दोन गोष्टींवर इथला उन्हाळ्याचा शेवट उभा आहे, आणि गाणं-खाणं सगळं त्यातूनच येतं.

आधी गाण्याचं सांगते. या शहराचा मोठा महोत्सव, हेलसिंकी फेस्टिव्हल, फिनिशमध्ये 'युह्लाविइकोत', ऑगस्टच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत चालतो; तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, तेवढ्या तपासा. त्याचं मूळ 1951 मध्ये सुरू झालेल्या सिबेलिअस सप्ताहांत आहे, तेव्हा फिनलंडचे थोर संगीतकार ज्याँ सिबेलिअस स्वतः हयात होते. 1968 पासून तो आजच्या नावाने भरतो. शास्त्रीय वाद्यवृंद, नाटक, नृत्य, सर्कस, आफ्रिकेतले गायक, पोरांसाठी खेळ, सगळं त्यात असतं.

त्यातली माझी सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे हुविला हा तंबू. मी ज्या ज्या वर्षी गेले, तेव्हा तो हाकानिएमीजवळ, तोकोइन्रान्ताच्या पाणवठ्यावर उभारलेला होता. एका संध्याकाळचं सांगते. बाहेर रिमझिम चालू होती. आत एक बाई अकॉर्डियन घेऊन एकटीच मंचावर बसलेली. तंबूच्या कापडावर पावसाचा बारीक आवाज आणि खाडीपलीकडून जाणाऱ्या लोकलची घरघर. तिने वाजवायला सुरुवात केली तेव्हा कापडातून अजून उजेड झिरपत होता. अर्ध्या तासाने वर पाहिलं, तर तंबूचं छत काळं झालेलं आणि आतले पिवळे दिवे उजळलेले. लोक हलत नव्हते, खोकत नव्हते. फिनिश माणूस टाळ्याही जपून वाजवतो, पण गाणं संपल्यावर जी शांतता पसरली, तिच्यासाठी मी दरवर्षी तिकीट काढते. जूनमध्ये हे होऊच शकत नाही, कारण तो काळोख तेव्हा नसतो.

याच महिन्यात एक 'तैतेइदेन यो' असते, कलांची रात्र. 1989 पासून चालत आलेली. त्या रात्री संग्रहालयं, वाचनालयं, चर्चं, बागा, चौक उशिरापर्यंत उघडे आणि बरंच काही फुकट. कुठे पुलाखाली कोणी कविता वाचतंय, कुठे ट्रामच्या थांब्यापाशी गायकवृंद उभा. आपल्याकडे गणपती बघायला पायी फिरतो ना, तसं फिरायचं, ठरवून काही बघायला जायचं नाही. ही रात्र बहुधा महिन्याच्या मध्याजवळ पडते, तेव्हा तुमच्या तारखांत बसते का ते बघा. सुविलाहतीच्या जुन्या वीजकेंद्रातला 'फ्लो' हा संगीत महोत्सव मात्र तुम्ही येण्याआधी होऊन गेलेला असतो. त्याची हळहळ नको.

बाकी दोन गोष्टी. तेम्पेलिआउकिओ हे 1969 मधलं चर्च खडक फोडून आत बांधलंय आणि भिंतींचा खडक ओबडधोबडच ठेवलाय, कारण आवाज त्यात सुरेख घुमतो. पर्यटक फोटो काढून पाच मिनिटांत निघतात. तुम्ही तिथल्या एखाद्या मैफलीलाच जा. आणि अर्धा दिवस असेल तर लोकलने यार्वेनपाला जाऊन सिबेलिअस यांचं 'आइनोला' हे घर बघा. ते मे ते सप्टेंबरच उघडं असतं. 1904 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1957 पर्यंत ते तिथे राहिले, आणि ते असेपर्यंत घरात नळ आले नाहीत, कारण पाण्याच्या आवाजाने त्यांच्या कामात व्यत्यय आला असता. त्या जेवणघरातली हिरवी शेकोटी त्यांना एफ मेजर या स्वरपट्टीच्या रंगाची वाटायची. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले होते.

आता खाणं. इथे मी थोडी रेंगाळणार.

पहिल्याच दिवशी हाकानिएमीच्या किंवा बंदरावरच्या काउप्पातोरीच्या बाजारात जा. तिथे मटाराच्या शेंगांचे हिरवे ढीग दिसतील. त्या किलोवर मिळत नाहीत, लिटरवर मिळतात! विक्रेती एक लिटरचं माप शेंगांत खुपसते, वर शीग लावते आणि कागदी पिशवीत ओतते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वेंगुर्ल्याची आजी आठवली, तांदूळ मापट्याने मोजणारी. चिपटं-मापटं आपल्याकडून गेलं, इथे मापाने मोजणं अजून रोजच्या व्यवहारात आहे. बेरी, बटाटे, जंगली अळंबी, सगळं लिटरने. शेंगा शिजवायच्या नसतात. ट्रामची वाट बघत, बाकावर बसून, सोलून कच्च्याच खायच्या. सूट घातलेला माणूससुद्धा फुटपाथवर मटार सोलताना दिसतो. दाणे इतके गोड, की आपल्या हिवाळ्यातल्या मटाराची सालं चोखायची सवय इथेही कामाला येते. बंदरावर एकच जपा, हातात काही खाण्याचं असेल तर समुद्रपक्षी झडप घालून नेतात.

त्याच टेबलावर मुस्तिक्का असते, रानातली निळी बेरी. सुपरमार्केटातल्या टपोऱ्या ब्लूबेरीशी गफलत करू नका. ती आतून पांढुरकी आणि पाणचट. ही बारीक, आतून जांभळी आणि करवंदं-जांभळं खाल्ल्यासारखी जीभ रंगवणारी. ती भरून भाजलेला गोड पदार्थ, 'मुस्तिक्कापीराक्का', थंड व्हॅनिला सॉसबरोबर मिळाला तर दुसरा तुकडाही घ्या.

शाकाहारी असाल तर घाबरू नका. नवे बटाटे सालासकट उकडून, लोणी आणि भरपूर 'तिल्ली' घालून खातात. तिल्ली म्हणजे आपली शेपू! पुण्यात जी भाजी बघून मी ताट सरकवायचे, ती इथे कोवळी, कच्ची, बटाट्यावर भुरभुरलेली खाल्ली आणि शेपूशी माझं भांडण मिटलं. पिवळी कान्तारेल्ली अळंबी याच दिवसांत येते. लोण्यात कांद्याबरोबर परतून 'राय' या धान्याच्या पावावर. कार्याळन्‌पीराक्का, म्हणजे रायच्या पातळ पारीत भाताची खीर भरून भाजलेली वडी, कुठेही मिळते. आणि कॉफीबरोबर 'कोर्वापूस्ती' हा दालचिनीचा बन घ्या. नावाचा अर्थ चक्क कानशिलात, आणि कणकेत वेलदोडा असतो, त्यामुळे बेकरीच्या दारात गेलं की दिवाळीचा वास येतो.

एका पदार्थाने मला हलवलं. 'लेइपायूस्तो' नावाचं चपटं, वरून डागाळलेलं चीज. गरम करून केशरी लाक्का बेरीच्या मुरंब्याबरोबर देतात, चावताना दाताखाली कुरकुरल्यासारखा आवाज येतो. बाजारातल्या म्हातारीने सांगितलं, पूर्वी हे नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या दुधाचं करायचे. म्हणजे चिकाचं! म्हणजे खरवसाचाच भाऊ, जायफळ-गुळाऐवजी विस्तवावर भाजलेला. इतक्या दूर, बर्फाच्या मुलखात, पहिल्या दुधाचं काय करायचं याचं इथल्या बायांनी असं उत्तर शोधलं, हे मला फार जवळचं वाटतं. आता ते साध्या दुधाचंच असतं, तरी खा.

मांसाहारी असाल तर 'रापुयुह्लात' चुकवू नका. रापू म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंड. तिची पकड 21 जुलैला दुपारी बारा वाजता खुली होते आणि ऑगस्टभर मेजवान्या झडतात. बियांवर आलेल्या शेपूच्या तुऱ्यांसह मिठाच्या पाण्यात उकडायची, त्याच पाण्यात मुरवायची आणि गारच खायची, बरोबर टोस्ट आणि लोणी. ही पद्धत स्वीडिशभाषकांकडून आली. हेलसिंकी दुभाषी शहर आहे, रस्त्यांच्या पाट्यासुद्धा दोन भाषांत. गळ्यात कापड बांधायचं, नांग्या फोडायच्या, आवाज करत रस ओढायचा आणि मध्येमध्ये श्नाप्स या कडक दारूचा पेला उचलून सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं. एरवी लिफ्टमध्ये नजर न देणारे शेजारी त्या टेबलावर गळा काढून गातात. मी मालवणी घरातली, कुर्ल्या फोडायची सवय बालपणापासूनची. यजमानीणबाईंनी माझं ताट बघितलं आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण तिथेच दिलं. हॉटेलात रापू महाग पडतात, तेव्हा ऑफिसातल्या कोणी घरी बोलावलं तर बाकी सगळं रद्द करून जा.

मोकळ्या चारांतला एक दिवस रानाला द्या. नूक्सिओ राष्ट्रीय उद्यान शेजारच्या एस्पोमध्ये आहे, लोकल आणि बसने जाता येतं. फिनलंडमध्ये कोणाच्याही रानातली बेरी आणि अळंबी कोणीही वेचू शकतो, मालकाला विचारावं लागत नाही; फक्त घराच्या अंगणात शिरायचं नाही आणि झाडंझुडपं तोडायची नाहीत. मुस्तिक्का संपत आलेली असते आणि लाल, आंबट पुओलुक्का पिकत असते. जंगलात बसून ओंजळभर वेचा, लगेच खा. अळंबी मात्र जाणकार सोबत असल्याशिवाय तोडू नका. फुल पँट घाला, गोचिडी असतात; संध्याकाळी अंग तपासा. डास एव्हाना बरेच ओसरलेले असतात.

सुओमेनलिन्ना या बेटांवरच्या किल्ल्याला बहुतेक सगळे जातात, तुम्हीही जाल. फेरी काउप्पातोरीवरूनच सुटते. परतीची फेरी सूर्य कलतानाची घ्या. कालिओ भागातल्या 1928 पासूनच्या कोतिहार्यू सौन्यात जळत्या लाकडांची धग असते, आणि मधूनच टॉवेल गुंडाळून लोक फुटपाथवर वारा खायला बसतात. कपड्यांचं म्हणाल तर दिवसा वीसपर्यंत तापमान, रात्री दहा-बाराला उतरतं; स्वेटर आणि पावसाचं जाकीट हवंच.

पहिल्या दिवशी विमानाने दमला असाल तरी झोपू नका. हाकानिएमीचा बाजार दुपारनंतर उठतो, त्याआधी जाऊन मटार घ्या. 'युक्सी लित्रा, कीतोस', म्हणजे एक लिटर, धन्यवाद, एवढं म्हटलं की पुरतं. पिशवी घेऊन तोकोइन्रान्ताच्या काठावर बसा आणि अंधार पडेपर्यंत सोलत राहा. तिकीट मिळालं नाही तरी तंबूतलं बरंचसं गाणं बाहेर गवतावर ऐकू येतं. मी पहिली दोन वर्षं तिथूनच ऐकलं.