जपानी 'का' आपल्या 'का'चा कोण लागतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानी शिकायला घेतलं की पहिल्याच धड्यात वाक्याच्या शेवटी 'का' लावून प्रश्न विचारायला शिकवतात, आपणही मराठीत नेमकं तेच करतो, मग हा शब्द बौद्ध भिक्खूंबरोबर इथून तिकडे गेला असेल का? आणि जोडीला असंही विचारलंय की हिंदीतला 'का', भोजपुरीतला 'का', हे सगळे एकच का?

उत्तर आधी देऊन टाकतो. जपानी 'का' आपला नातेवाईक नाही, हिंदीतला 'राम का घर'वाला 'का'सुद्धा आपला नाही, भोजपुरीतला मात्र सख्खा आहे, आणि ज्याचा आपण स्वप्नातही विचार करणार नाही असा इंग्लिशमधला 'व्हाय' हा आपल्या 'का'चा लांबचा पण खरा भाऊबंद आहे. शब्दांची नाती चेहऱ्यावरून ठरवायला गेलं की फसायला होतं, आणि हे समजून घ्यायला 'का'इतका चांगला शब्द मला तरी माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपला 'का' नीट बघू, कारण रोज शंभर वेळा बोलतो पण त्याच्याकडे लक्ष जात नाही. 'तू का आलास?' आणि 'तू आलास का?' शब्द तेच तीन, 'का'ची जागा बदलली की सगळं बदलतं. पहिल्यात कारण विचारलंय आणि जरा नाराजीही आहे, दुसऱ्यात फक्त हो किंवा नाही एवढंच हवंय. पहिला 'का' जुन्या पुस्तकांत 'कां' असा डोक्यावर टिंब घेऊन दिसेल, मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले तेव्हा ते टिंब गेलं. मग 'का रे', 'का गं' मध्ये तो नुसती हाक असतो, 'थोडं का होईना' मध्ये वेगळाच असतो, आणि 'उद्या लवकर ये बरं का' यात तर प्रश्नच नाही, समोरच्याचं लक्ष आपल्याकडे आहे ना एवढीच खात्री आहे. तिकडे वऱ्हाडात कारण विचारायला 'काहून' म्हणतात, अहिराणीत 'काबर', मालवणीत 'कित्याक', पण सुरुवातीचा 'क' कोणी सोडत नाही. कोण, काय, कधी, कुठे, कसा, किती, केवढा, सगळं कुटुंब 'क'चंच आहे.

हा 'क' संस्कृतातून आलाय, कः, का, किम्, कदा, कुत्र. आणि इथे एक गंमत अशी की ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त आहे ज्याच्या ऋचांच्या शेवटी 'कस्मै देवाय हविषा विधेम' असं पालुपद येतं, म्हणजे 'कोणत्या देवाला आम्ही हवी अर्पण करू', तर पुढच्या परंपरेने हा प्रश्नच देवाचं नाव मानला आणि 'क' म्हणजे प्रजापती असं ठरलं. प्रश्नार्थक सर्वनामाचा देव झाला, मला हे फार आवडतं.

आता नात्यांकडे येऊ. लॅटिनमध्ये कोण म्हणजे 'क्विस', कधी म्हणजे 'क्वांदो'. रशियनमध्ये कोण म्हणजे 'क्तो', कसं म्हणजे 'काक'. लिथुआनियनमध्ये कोण म्हणजे 'कास' आणि कधी म्हणजे 'कदा', हो, संस्कृतातला 'कदा' जसाच्या तसा, बाल्टिक समुद्राच्या काठावर आजही रोजच्या बोलण्यात. एकच शब्द जुळला असता तर मी खांदे उडवून सोडून दिलं असतं, पण इथे प्रश्नार्थक शब्दांचं अख्खं घर जुळतंय, नात्याची खूण हीच.

मग इंग्लिशमध्ये 'क' का नाही? तर तो होता, त्याचा 'ह' झाला. ज्या याकोब ग्रिमला आपण परीकथांमुळे ओळखतो त्यानेच १८२२ मध्ये हा बदल व्यवस्थित मांडला, की मूळच्या 'क'च्या जागी जर्मन-इंग्लिश घराण्यात 'ह' येतो. लॅटिनमध्ये शिंग 'कोर्नू', इंग्लिशमध्ये 'हॉर्न', लॅटिनमध्ये शंभर 'केंतुम', इंग्लिशमध्ये 'हंड्रेड'. त्याच हिशोबाने मूळच्या 'क्व'चा झाला 'ह्व', आणि जुन्या इंग्लिशमध्ये हे शब्द खरंच आधी 'एच' मग 'डब्ल्यू' असे लिहिले जायचे, पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन आजचे व्हॉट, व्हेअर, व्हाय झाले. म्हणजे 'काय' आणि 'व्हॉट', 'का' आणि 'व्हाय' ही एकाच मुळाची पोरं, फक्त चेहरे इतके बदललेत की समोरासमोर उभी केली तरी कोणी ओळखणार नाही.

हीच कसोटी जपानीला लावून बघा. काय म्हणजे 'नानी', कोण म्हणजे 'दारे', कुठे म्हणजे 'दोको', कधी म्हणजे 'इत्सु'. एकही जुळत नाही. जुळतो तो फक्त वाक्याच्या टोकाचा 'का'.

भिक्खूंबरोबर गेला असेल का, हा प्रश्न मात्र चुकीचा नाही, कारण संस्कृत शब्द जपानीत खरंच गेलेत. बौद्ध धर्म तिथे सहाव्या शतकात पोचला, चीन आणि कोरियाच्या मार्गाने, आणि त्याच वाटेने 'क्षण' गेला तो 'सेत्सुना' झाला, 'नरक' गेला तो 'नाराकु' झाला, 'दान' गेला तो 'दान्ना' झाला आणि आज त्याचा अर्थ मालक किंवा नवरा असा होतो. इतकंच काय, जपानी मुलं जी मुळाक्षरं आ, का, सा, ता, ना, हा, मा अशा क्रमाने घोकतात तो क्रमसुद्धा आपल्या वर्णमालेवरूनच बेतलाय, भिक्खू मंडळी संस्कृत उच्चार शिकायची त्यातून तो आला. पण यादी नीट बघितली तर काय दिसतं? जे गेले ते धर्माचे, विचारांचे शब्द, नामं. आणि गेले तेही चिनी तोंडातून, त्यामुळे ओळखू येणार नाहीत इतके घासून. प्रश्न विचारायचा चिमुकला प्रत्यय एवढा प्रवास करून जसाच्या तसा 'का' राहील आणि बरोबर 'कोण', 'काय' यातलं कोणीच नेणार नाही, हे होणं कठीण आहे. शिवाय हा 'का' जपानीच्या सगळ्यात जुन्या कवितांमध्ये, आठव्या शतकातल्या संग्रहात, आधीच मुरलेला दिसतो.

तरी योगायोग म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही, कारण यातला एक भाग योगायोग नाहीये. 'का' हा आवाज योगायोग, पण त्याची जागा नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, जपानीतही, आपण विभक्ती, शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लावतो, तेही मागेच लावतात. जोसेफ ग्रीनबर्ग नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवलं की अशा भाषांमध्ये प्रश्नाचा प्रत्यय शेवटी येण्याकडे कल असतो. कन्नडमध्ये बघा, 'बर्तीया' म्हणजे 'येतोस का', शेवटचा 'आ' हाच प्रश्न. तेलुगू, तमिळमध्येही तेच. हिंदीने 'क्या' सुरुवातीला नेऊन ठेवलाय खरा, पण मुंबईच्या हिंदीत आपण तो परत ओढून मागे आणलाच की, 'तू आएगा क्या'.

आणि दुसरी गोष्ट याहून सुंदर आहे. 'चहा घेणार का कॉफी?' या वाक्यातला 'का' काय करतोय? तो 'किंवा' झालाय. 'येतोस का नाही?' तिथेही तेच. ज्ञानेश्वरीत तर 'कां' हा शब्द 'किंवा' या अर्थाने पानोपानी भेटतो, एक दृष्टांत दिला की 'कां' म्हणून दुसरा. आता जपानीत 'कोही का ओचा' म्हणजे कॉफी किंवा चहा! तोच प्रश्नाचा 'का'. पोलिश भाषेत 'चि' हा शब्द प्रश्नही विचारतो आणि 'किंवा'ही सांगतो. कारण 'येतोस का' असं विचारताना पुढचा 'नाही' आपण गिळलेला असतो, हो-नाहीचा प्रश्न म्हणजे मुळात दोन पर्यायच, म्हणून जगात ठिकठिकाणी हे दोन अर्थ एकाच शब्दात येऊन राहतात.

मी पुण्यात जपानीच्या क्लासला जायचो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. सेन्सेई 'सोऽ देस का' शिकवत होत्या, शब्दशः 'असं आहे का'. फळ्यावर त्यांनी प्रश्न म्हणून लिहिलं, पण म्हणताना शेवटी आवाज खाली आणत होत्या आणि वर्गातले सगळे आवाज वर नेऊन प्रश्नासारखं म्हणत होते, चारपाच वेळा झालं, जमेना. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एक काकू शेजारणीचं काहीतरी ऐकून म्हणाल्या, 'अस्सं का!' सेन्सेई खडू हातात धरूनच वळल्या आणि म्हणाल्या, हेच, काकू, हेच, परत म्हणा. काकूंनी परत म्हटलं, आवाज छान खाली उतरला, आणि पूर्ण वर्गाला 'सोऽ देस का' त्या क्षणी आलं. आवाज वर गेला तर खरा प्रश्न, खाली आला तर 'हो का, कळलं बरं', दोन्ही भाषांत अगदी सारखं.

बाकीचे 'का' पटकन सांगतो. भोजपुरीत 'का हाल बा' मधला 'का' म्हणजे काय, तो आपल्याच 'किम्'च्या घरातला. हिंदीचा 'का' (म्हणजे आपला 'चा') मात्र 'कृ' (करणे) या धातूकडून आलाय, त्याचा प्रश्नाशी संबंध नाही. एस्टोनियनमध्ये 'का' म्हणजे 'सुद्धा'. हवाईच्या भाषेत 'का' हा इंग्लिशमधल्या 'द'सारखा नामाच्या आधी येतो. प्राचीन इजिप्तमध्ये 'का' म्हणजे माणसाबरोबर जन्मणारं चैतन्य, चित्रलिपीत वर उचललेल्या दोन हातांनी दाखवलेलं. तमिळमध्ये 'का' म्हणजे उपवन. आणि आपल्याच देशात मेघालयातल्या खासी भाषेत 'का' हे स्त्रीलिंगाचं चिन्ह आहे, पुल्लिंगाला 'उ'. तिथे सूर्य 'का स्ङी' आणि चंद्र 'उ ब्नाइ', म्हणजे सूर्य बाई आणि चंद्र बाप्या. जपानीत नुसता 'का' म्हणजे डाससुद्धा, त्यामुळे कानाशी काही गुणगुणलं तर 'डास का?' हे तिकडे 'का का?' असं विचारता येतं.

इतक्या ठिकाणी हाच आवाज का, तर 'क' आणि 'आ' हे जवळजवळ सगळ्या भाषांत आहेत, आणि सगळ्यात छोट्या कामांना भाषा सगळ्यात छोटे आवाज देतात, मग टक्कर होणारच. मोठे शब्दही टकरतात. आपण 'बदनाम' मध्ये वापरतो तो फारसी 'बद' आणि इंग्लिशमधला 'बॅड', अर्थ एक, आवाज जवळपास एक, नातं शून्य.

तुम्ही जपानी शिकताय तर अजून थोडं पुढे गेल्यावर 'ने' भेटेल, 'सोऽ देस ने', आपल्या 'असं आहे ना' सारखा. तोही आपल्या 'ना'चा कोणी नाही (ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो, कोरियनमध्येही 'ने' म्हणजे हो, आणि तेही एकमेकांचे कोणी नाहीत). पण तो बोलताना इंग्लिशमधून विचार करू नका, सरळ 'ना' म्हणताना आपला आवाज जसा जातो तसा जाऊ द्या.