पेटीतली चिठ्ठी कुणाची, हे शोधायचं का?

सांगलीतलं एक इंजिनिअरिंग कॉलेज, तिसऱ्या वर्षातल्या पाच मुलामुलींचा गट. डिझाईनच्या विषयाला प्रोजेक्ट हवा होता, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य हा विषय घेतला. लायब्ररीच्या जिन्याखाली पुठ्ठ्याची पेटी ठेवली. वर छापलं, ‘मनातलं लिहा, नाव नको.’ सोबत गूगल फॉर्म, त्याचा क्यूआर कोड आणि आठ पोस्टर. दुसऱ्या आठवड्यात पेटीतून वहीचं अर्धं पान निघालं. आता पुरे झालं, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी.

गटातल्या दोघी समुपदेशन कक्षात आल्या. ‘मॅडम, अक्षर ओळखीचं वाटतंय. पण नाव नको असं आम्हीच छापलंय. सांगितलं तर शब्द मोडला, नाही सांगितलं आणि काही झालं तर?’

असे प्रोजेक्ट करणाऱ्या बहुतेक गटांपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

आधी उत्तर. जिवाला धोका असण्याची शंका आली की गुप्तता तिथे संपते. समुपदेशकही पहिल्या भेटीतच हे सांगून ठेवतो. मात्र सांगायचं ते मोजक्या माणसांना: समुपदेशक, प्रोजेक्टचे गाईड आणि मूल होस्टेलला असेल तर रेक्टर. वर्गाच्या ग्रुपवर एक अक्षर नाही. या गटाने चिठ्ठीचा फोटो स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला होता आणि सादरीकरणाच्या एका स्लाईडवरही लावला होता. तो पाचही फोनमधून, गूगल फोटोजच्या बॅकअपमधून आणि स्लाईडवरून काढायला लावला. मूळ कागद पाकिटात घालून कक्षात ठेवला. अक्षर ओळखीचं वाटणारे पाच जण असतील, तर स्लाईड बघून ते ओळखणारे पन्नास निघतील.

त्याच दिवशी दोन कामं झाली. पहिलं, पेटीशेजारच्या फलकावर उत्तर लावलं. त्यात चिठ्ठीतला एकही शब्द नव्हता: ‘या आठवड्यात ज्यांनी लिहिलं, त्यांचं वाचलं. भेटायचं असेल तर आज आणि उद्या १ ते ३ कक्ष उघडा आहे, आधी वेळ ठरवायची गरज नाही. आत्ता बोलायचं असेल तर १४४१६.’ टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोनला पैसे लागत नाहीत, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

दुसरं काम, ज्याचं अक्षर वाटत होतं त्या मुलाशी बोलणं. ते गटाने करायचं नव्हतं. त्याचा रूम पार्टनर गेला, आणि जाण्याआधी काय बोलायचं याची कक्षात तयारी झाली. चिठ्ठीचा विषय काढायचा नाही. डोळ्यांना दिसलेलं बोलायचं: ‘चार दिवस मेसला दिसला नाहीस. रात्री दोनला दिवा चालू असतो. काय चाललंय?’ मग गप्प बसायचं. आणि बोलण्याच्या ओघात सरळ विचारायचं, ‘मरून जावं, जीव द्यावा असं मनात येतं का रे?’

इथे बहुतेक मुलं बिचकतात. विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं भरलं तर? तसं होत नाही. विचार असेल तर तो आधीच असतो, आणि कुणीतरी सरळ शब्दांत विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. ‘तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं मात्र विचारू नये. त्या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच घातलेलं असतं, समोरचा तेवढंच देतो. उत्तर ‘हो’ आलं, तर कसं, कधी असं काही ठरवलंय का, हेही विचारायचं. ठरवलं असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही. रेक्टरला उठवायचं, घरी कळवायचं, सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. ‘कुणाला सांगणार नाही, शपथ’ असं कबूल करायचं नाही. ‘एकाला तरी सांगावं लागेल, कुणाला सांगू ते तू ठरव’ इतपत मोकळीक देता येते.

रेक्टरमंडळींना हमखास पोलीस केसची धास्ती असते आणि प्रकरण दाबण्याकडे कल जातो. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं असं सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला चालत नाही. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. शिवाय इथे तर प्रयत्नही नव्हता, होती ती मदतीची हाक.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. चिठ्ठी त्याची नव्हतीच. तीन केटी (मागे राहिलेले विषय) होत्या, घरी एकच सांगितली होती, त्यामुळे झोप उडाली होती. त्याच्यासोबत पुढे चार भेटी झाल्या, घरी कसं सांगायचं याची तयारी झाली. चिठ्ठी कुणाची, ते कळलं नाही. फलक लागल्यावर दोन दिवसांत तिघं जण आपणहून आले. त्यांना कुणी त्याबद्दल विचारलं नाही, विचारायचंही नव्हतं.

म्हणून अक्षरावरून शोध घेऊ नये. काळजी वाटली त्याच्याशी बोलावं, चिठ्ठी त्याची असो वा नसो.

खरी गडबड पेटीच्या रचनेत होती. निनावी पेटी मनातलं काढून घेते आणि लिहिणाऱ्यापर्यंत परत जायची वाट बंद करते. म्हणून पेटी तीच ठेवून आतला कागद बदलला. ए-फोरच्या चौथ्या भागाची छापील चिठ्ठी, तिच्यावर तीन रकाने: मला भेटायचंय की फोन चालेल, मोबाईल नंबर, कुठल्या वेळेत फोन करावा. खाली दोन रेघा मोकळ्या, हवं तर लिहायला. पेटीवर ठळक छापलं की ती सोमवार ते शनिवार रोज दुपारी चारला उघडते, रविवारी उघडत नाही, घाई असेल तर १४४१६. किल्ली समुपदेशकाकडे. गटाने पेटी उघडायची नाही. वीस वर्षांच्या मुलांनी रोज असल्या चिठ्ठ्या वाचून रात्री अभ्यासाला बसायचं, ही अपेक्षाच चूक आहे. पोस्टरवर ‘केव्हाही फोन करा’ म्हणून गटातल्या एका मुलीचा स्वतःचा नंबर होता. तिला रात्री एकला फोन येऊ लागले होते आणि तिची टेस्ट तोंडावर होती. तो नंबर त्याच दुपारी झाकला.

फॉर्ममध्ये दोन अडचणी होत्या. एक, कॉलेजच्या ईमेलवरून लॉगिन केल्याशिवाय तो उघडत नव्हता आणि वर लिहिलं होतं निनावी. मुलं एवढी भोळी नाहीत. ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद केलं, लॉगिनची अट काढली, उत्तरांच्या शीटचा ॲक्सेस पाचही जणांकडून काढून कक्षाकडे दिला. दुसरी अडचण गंभीर. फॉर्ममध्ये पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचणी घातली होती, शेवटी आपोआप गुण दिसायचे. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, एकूण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करावी, इतकाच त्याचा अर्थ. ते निदान नव्हे. सबमिशनच्या पंधरवड्यात भरून घेतली तर अर्ध्या वर्गाची झोप आणि भूक तशीही बिघडलेली असते. आणि नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोनला कुणी त्यावर ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, तर ते बघणारं कोण? ज्या उत्तराकडे कुणी बघणार नाही, तो प्रश्न विचारू नये. चाचणी काढून टाकली, ती कक्षात समोरासमोर घेतली जाते.

पोस्टरवर गुडघ्यात डोकं घातलेल्या मुलाचं काळं चित्र होतं. ते बघून एखादा म्हणतो, मी काही इतका बिघडलो नाही. दुसरा म्हणतो, हा मीच, आता काय उरलं? दोघंही पुढे निघून जातात. नव्या पोस्टरवर चित्र नाही, माहिती आहे: खोली कुठली, कधी, फी नाही, पहिली भेट साधारण चाळीस मिनिटं, जिवाला धोका असल्याशिवाय घरी फोन जात नाही. ए-थ्री कागदावर नंबर ७२ पॉइंटपेक्षा मोठा. २५ जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्गदर्शक सूचनांतही हेल्पलाईन नंबर होस्टेल, वर्ग आणि सामाईक जागांत मोठ्या, वाचता येईल अशा अक्षरांत लावायला सांगितलंय. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, हेही त्याच सूचनांत आहे. प्राचार्यांकडे जागा मागताना हा आधार उपयोगी पडतो.

कॉरिडॉरमधल्या क्यूआर कोडसमोर फोन धरून कुणी उभं राहत नाही, चारचौघांत दिसतं. तोच कोड टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावल्यावर स्कॅन व्हायला लागला. नंबराच्या फाडून घ्यायच्या पट्ट्या असतील तर लावतानाच दोन आपण फाडाव्यात. पहिली पट्टी फाडायला कुणी धजत नाही.

गटाला सगळ्यात जास्त शिकवलं ते चाचपणीने. सहा मुलांना एकेकट्याने सांगितलं, ‘पोस्टर वाच आणि कक्षापर्यंत जाऊन ये.’ गटातलं एक जण मागे लांबून चालत बघत होतं. सहापैकी चार जण प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकापाशी थबकले. कक्षाचा रस्ता तिथूनच होता आणि बाकावर नेहमी दोघे-तिघे बसलेले. खोली बदलणं गटाच्या हातात नव्हतं. पण मागच्या जिन्याचं दार उघडं ठेवून घेतलं आणि पोस्टरवर तोच रस्ता छापला. कक्षाची रोजची वेळही बदलली. आधी ४ ते ६ होती. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळहून अप-डाऊन करणाऱ्यांची एसटी त्याच सुमारास सुटते, पास काढलेला मुलगा गाडी सोडून मन मोकळं करायला थांबत नाही. १ ते ३ केल्यावर ती मुलं यायला लागली.

गाईडनाही एक विनंती केली: किती जणांनी फॉर्म भरला यावर गुण देऊ नका. दिले की गट मागे लागून भरून घेतो आणि खोटी उत्तरं जमतात. चिठ्ठी आल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा मोजा. अहवालात चिठ्ठ्यांतली वाक्यं घ्यायची नाहीत, नाव काढूनही नाही.

मे महिन्यात गट पांगतो आणि पेटी जिन्याखाली तशीच राहते. तिच्यावर ‘रोज चारला उघडते’ असं लिहिलेलं असतं आणि उघडणारं कुणी नसतं. तेव्हा पुढच्या गटाचं नाव ठरलं नसेल, तर शेवटच्या पेपरच्या दिवशी पेटी उचलायची, फॉर्म बंद करायचा आणि फक्त कक्षाची वेळ व १४४१६ असलेलं पोस्टर ठेवायचं. जून-जुलैत कक्षाची वेळ बदलते, ती तपासून मगच नवं छापायचं.