‘ऑपरेशननंतर सगळं पूर्वीसारखं राहील ना?’

“मॅडम, बाबांना जरा समजावा.” प्रोस्टेटच्या ऑपरेशनवरून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेक घरांची सुरुवात या वाक्याने होते. बोलणारी लेक असते किंवा सून, आणि बाबा शेजारी बसून माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असतात. युरॉलॉजिस्टने लेझर सांगितलेलं असतं, मेडिक्लेमचे कागद तयार असतात, पण ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणता म्हणता दुसरी दिवाळी आलेली असते. कारणं ठरलेली. आता या वयात कशाला? आमच्या सोसायटीतल्या एकाचं झालं, तो डायपरवर आला. लेझरने आतलं जळतं म्हणे. मग लेक फोन घ्यायला बाहेर जाते आणि बाबा आवाज खाली आणून विचारतात, “सगळं पूर्वीसारखं राहील ना?”

हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकला आहे की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. हकीकत एका जोडप्याची सांगते. ज्यावरून ओळख पटेल ते सगळं बदललं आहे आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलं आहे. त्यांना आपण जगतापकाका आणि काकू म्हणू.

काका ७१ वर्षांचे, राहायला सहकारनगरला. खडकीच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये नोकरी झालेली, त्यामुळे हिशेब पक्का. प्रोस्टेट ८५ ग्रॅमचं. तरुणपणी ही ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते आणि मूत्राशयातून निघालेली लघवीची वाट तिच्या मधून जाते. वय वाढतं तशी ती वाढते आणि वाट आवळत जाते. साठीत निम्म्या पुरुषांची ग्रंथी वाढलेली असते. हा कॅन्सर नव्हे. काकांच्या गोळ्या चार वर्षं चालू होत्या. मग एका लग्नात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेतली आणि रात्री लघवी पूर्ण अडली. (सर्दीच्या काही गोळ्यांनी असं होतं. घरात वाढलेल्या प्रोस्टेटचा माणूस असेल तर हे लक्षात ठेवा.) मध्यरात्री इमर्जन्सीत नळी घालावी लागली. त्यानंतर डॉक्टरांनी होल्मियम लेझरचं ऑपरेशन सुचवलं, आणि काका अडून बसले.

पहिल्या भेटीत म्हणाले, “मी डॉक्टरांना सरळ विचारलं, शंभर टक्के गॅरंटी आहे का? ते म्हणाले, तशी कशालाच नसते. मग मी का करून घेऊ?”

“गोळीची गॅरंटी होती?”

“नव्हती. पण गोळी बंद करता येते. ऑपरेशन माघारी घेता येतं का?”

उत्तर बिनतोड होतं, आणि मी ते तसंच मान्य केलं. घरची माणसं इथेच घोळ घालतात. ‘काही होत नाही हो, लेझर आहे’ असं म्हणून मोकळी होतात. समोरच्याला वाटतं, यांना माझी भीती कळलेलीच नाही, आणि तो आणखी घट्ट होतो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने समुपदेशन करते. त्या पद्धतीने मला एक गोष्ट पक्की शिकवली आहे: भीती असायला हरकत नाही, हट्ट तपासायचा. खात्री मिळाली तर बरं, हे कुणालाही वाटेल. खात्री मिळालीच पाहिजे, नाहीतर मी जागचा हलणार नाही, इथे माणूस अडकतो.

काकांच्या फाइलमध्ये एक प्रश्नावली होती. युरॉलॉजिस्टकडे भरून घेतात ती. लघवीच्या तक्रारींचे सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. वीस किंवा त्याहून जास्त म्हणजे त्रास तीव्र. काकांची बेरीज २३. अक्षर सुरेख, बेरीज दोनदा तपासलेली. खाली आठवा प्रश्न वेगळा असतो, त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत. तो त्यांनी कोरा सोडला होता.

“हा राहिला का?”

“त्याला काय लिहिणार? वय झालं की हे आलंच.”

“वाचा ना जरा मोठ्याने.”

काकांनी चष्मा लावला. तो प्रश्न असा असतो की, तुमचा लघवीचा त्रास आत्ता आहे तसाच राहिला आणि उरलेलं आयुष्य तसंच काढायचं असेल, तर तुम्हाला कसं वाटेल? वाचून झाल्यावर म्हणाले, “उरलेलं म्हणजे किती धरायचं?”

“तुम्ही सांगा. पंधरा वर्षं?”

“रात्री पाच वेळा उठतो. पाच गुणिले तीनशे पासष्ट...” ओठ हलत होते. “सत्तावीस हजारांच्या वर जातं हे.” स्वतःच हसले, पण प्रश्नाचं उत्तर तेव्हाही लिहिलं नाही.

पुढच्या वेळी काकूंना घेऊन या म्हटलं. त्या भेटीत मी ऑपरेशनचं नावच काढलं नाही. गेल्या तीन-चार वर्षांत काय काय बंद झालं, एवढंच विचारलं. लेकीकडे वाकडला जाणं बंद, कारण बसमध्ये तासभर दम निघत नाही आणि रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकते. तळजाईवर चालणं बंद. नाटक बंद. दुपारनंतर पाणी पिणं जवळपास बंद. आणि दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचे, ते बंद.

“ते गुडघ्यांमुळे ना?” काकू म्हणाल्या.

काका गप्प.

“तुम्हीच म्हणालात, गुडघे दुखतात.”

“एवढ्या बायाबापड्यांत दर वीस मिनिटांनी आडोसा कुठे शोधणार?”

ऑपरेशनमुळे काय जाईल याची मोठी यादी काकांकडे तयार होती. ऑपरेशन न केल्यामुळे काय गेलं, याची पहिली ओळ त्या दिवशी लिहिली गेली. आणि हिशेबाच्या माणसाला एक बाजू कोरी ठेवून ताळेबंद मांडलेला सहन होत नाही, हे मला ठाऊक होतं. आत शरीरातही तसंच चालू असतं. अडलेल्या वाटेतून जोर लावून लावून मूत्राशयाचा स्नायू आधी जाड होतो, पुढे थकतो. मग लघवी साठून राहते, खडे होतात, जंतुसंसर्ग होतो, काहींच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. थांबण्यालाही किंमत असते. ती फक्त हप्त्याने जाते म्हणून दिसत नाही.

तिसऱ्या भेटीला काका एकटे आले. बराच वेळ हवापाणी झालं. मग टेबलाकडे बघत म्हणाले, “तुम्ही मुलीच्या वयाच्या. कसं विचारू?”

“डॉक्टरांना विचारता तसं विचारा.”

“डॉक्टरांना नाही विचारलं.”

“मग मीच विचारते. ऑपरेशननंतर नवरा-बायकोचं नातं राहील का, हेच ना?”

त्यांनी मान हलवली. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते, कारण हेच कुणी सरळ सांगत नाही. लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत जाते, पोटावर छेद नसतो. होल्मियम लेझरचा परिणाम अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी खोल जातो. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतल्या फोडी सुट्या कराव्यात, तसा ग्रंथीचा वाढलेला भाग आवरणापासून सोडवतात, मूत्राशयात ढकलतात, तिथे त्याचे बारीक तुकडे करून बाहेर काढतात आणि तपासायला पाठवतात. ताठरतेच्या नसा त्या आवरणाच्या बाहेरून जातात. म्हणून ताठरता आधी जशी होती तशीच सहसा राहते. वीर्य मात्र बहुतेकांचं बाहेर येणं थांबतं. ते मूत्राशयात मागे जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्याने इजा होत नाही, सुखाची जाणीव राहते, पण बदल कायमचा असतो. मूल हवं असेल त्याने हा विचार आधी करायला हवा. ७१व्या वर्षी तो मुद्दा नसतो, तरी मनाला लागू शकतो, हेही मी म्हटलं.

काका म्हणाले, “पण ते तर गोळ्या सुरू झाल्यापासूनच थांबलंय.”

त्यांच्या गोळ्यांत सिलोडोसिन होतं. या औषधाचा हा अगदी नेहमीचा परिणाम आहे. “हे डॉक्टरांशी एकदा बोला,” मी म्हटलं, “मी डॉक्टर नाही. पण हे औषधामुळे असू शकतं.”

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. चार वर्षं हा माणूस समजत होता की आपलं पुरुषपण संपलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी नंतर हे औषधामुळेच असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला फोन करून ते दोनदा ऐकवलं.

चौथ्या भेटीत दोघं समोर होते. काकूंनीच सुरुवात केली.

“हे हॉलमध्ये झोपायला लागले त्याला तीन वर्षं होतील. मी विचारलं नाही. म्हटलं, आता नकोशी झाले असेन.”

काका एकदम वळले. “तुझी झोप मोडायची म्हणून गेलो. रात्रीतून पाच वेळा दिवा लावायचो. आणि...”

“आणि काय?”

“कपड्यांना वास यायचा.”

काकू क्षणभर बघत राहिल्या आणि मग चिडल्याच. “तुमच्या वडिलांचं दोन वर्षं अंथरुणात सगळं केलं मी. मला वासाचं सांगताय?”

मी खुर्चीत मागे टेकले. समुपदेशकाने गप्प बसायचं असे क्षण फार थोडे येतात, आणि ते ओळखता येणं हीच आमच्या कामातली कमाई, असं मी मानते. मला तेव्हा लख्ख दिसलं की ऑपरेशनपासून काका ज्याचं रक्षण करत होते, ते आजाराने आणि न बोलण्याने केव्हाच हिरावून नेलं होतं. एकाच घरात दोन खोल्यांमध्ये दोन माणसं स्वतःलाच दोष देत झोपत होती. त्यानंतरच्या अनेक जोडप्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते, झोपायची जागा बदलली आहे का? उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ येतं, आणि कारण दोघांनी वेगवेगळं धरलेलं असतं.

उठताना काकांनी फाइल मागून घेतली आणि आठव्या प्रश्नापुढे खूण केली. ‘अत्यंत वाईट’. ऑपरेशनची तारीख त्यांनी स्वतः घेतली.

पुढचा भाग लवकर सांगते. कमरेत इंजेक्शन देऊन ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी नळी निघाली, धार बघून काका खूश. आणि दोन आठवड्यांनी फोन: “तुम्ही मला फसवलंत.” खोकला आला की थेंब गळत होते, घाई लागली की दम निघत नव्हता. हे होऊ शकतं, असं आधी बोलणं झालं होतं, पण झालं की माणूस घाबरतोच. सोसायटीतला तो डायपरवर आलेला माणूस बहुधा याच टप्प्यावर लोकांना दिसलेला असतो. काही आठवडे, कधी काही महिने पॅड वापरावा लागतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम रोज करावा लागतो. कायमचं गळणं क्वचित राहतं. क्वचित म्हणजे शून्य नव्हे, हेही मी प्रत्येकाला सांगते. लघवीत मधूनमधून रक्त दिसतं, जळजळ होते. काही आठवडे स्कूटर, वजन उचलणं आणि बद्धकोष्ठ टाळायचं. काकांचा पॅड तिसऱ्या महिन्यात सुटला. रात्रीचं उठणं पाचवरून दोनवर आलं. ते शून्यावर येईल अशी आशा कुणी ठेवू नये, कारण साखर, पायांची सूज, झोपेतले श्वासाचे अडथळे आणि संध्याकाळचा चहा यांनीही रात्री उठावं लागतं. दिवे घाट मात्र राहिलाच. गुडघे आता खरंच दुखतात.

वाढलेलं प्रोस्टेट म्हणजे ऑपरेशन, असं समीकरण नाही. त्रास कमी असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, अनेकांचं गोळ्यांवर भागतं. लघवी पुन्हा पुन्हा अडणं, खडे, वारंवार संसर्ग, मूत्रपिंडावर ताण, असं काही असेल तेव्हा डॉक्टर आग्रह धरतात. लेझरही एकमेव नाही. दुर्बिणीतून विजेच्या तारेने करतात ते जुनं ऑपरेशन अजूनही उत्तम चालतं. होल्मियमची ही पद्धत १९९०च्या दशकात न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी विकसित केली, त्यामुळे ‘नवा प्रयोग आमच्यावर नको’ ही शंका मनातून काढून टाका. विचारायचंच असेल तर सर्जनला विचारा, ही ऑपरेशनं तुम्ही किती केलीत, कारण हात बसायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका.

आणि लेकी-सुनांनो, बाबांना समजवायला आणता तेव्हा आईलाही आणा. पण अर्धा तास बाबांना एकटं सोडा. तुमच्यासमोर ते गुडघ्यांबद्दलच बोलणार.

काका-काकू अधूनमधून येतात. तपासायला पाठवलेले तुकडे निर्धोक निघाले. आवरण आत राहतं, त्यामुळे पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ताची तपासणी पुढेही करत राहायची. पुढची तारीख काकांनी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. काकूंचा त्यावर भरवसा नाही, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या डायरीतही लिहिली आहे.